हरळीला पाणी

गवत लावण्याचा पगार मिळतो, हे माझ्या वडिलांना अजून खरं वाटत नाही. फोनवर ते आधी तब्येतीचं विचारतात, मग जेवणाचं, आणि मग जरा थांबून, "अजून गवातच लावतीस न्हवं?" मी हो म्हणते. ते "बरं" म्हणतात. त्या बरं म्हणण्यात नाराजी नसते, नुसतं नवल असतं. त्यांचं सगळं आयुष्य शेतातलं गवत उपटण्यात गेलं. त्यांची पोर चार बुकं शिकली आणि बेंगळुरूला जाऊन गवत लावू लागली, हे त्यांनी कुणाला कसं सांगायचं?

आमचं गाव सीमेवरचं. घरात मराठी, बाजारात कन्नड. सातवीपर्यंत मी मराठी शाळेत होते, पुढं तालुक्याच्या गावी कन्नडमधून शिकले. घरात एक म्हैस होती. सकाळी शाळेच्या आधी विळा घेऊन बांधावर जायचं, भारा होईल एवढं गवत कापायचं, डोक्यावर घेऊन घरी यायचं आणि म्हशीपुढं टाकायचं, हे माझं काम. मान अशी अवघडायची की पहिल्या तासाला फळ्याकडं बघताना दुखायची. त्या म्हशीचं दूध डेअरीला जायचं आणि त्यावर माझी वह्या-पुस्तकं यायची. बारावीनंतर आमच्या विज्ञानाच्या बाईंनी स्वतः फॉर्म आणून भरला नसता तर मला शेतकी कॉलेज नावाची गोष्ट असते हेही कळलं नसतं. घरात सही करणारी मी पहिली. हे मी मिरवायला सांगत नाही. म्हैस, बाई आणि तो भारा यांच्यामुळं मी इथं आहे, आणि पुढं जी चूक झाली तीही तिथूनच आली, म्हणून सांगते.

मी के. आर. पुरमला एका खोलीत राहते आणि ऑफिस जयनगरला आहे. मेट्रोनं मॅजेस्टिकला उतरायचं, गाडी बदलायची, पुन्हा दक्षिणेकडं. कोरडवाहू भागात जनावरांच्या चाऱ्यावर काम करणारी आमची छोटी संस्था आहे. आमचे सर चामराजपेटेतल्या जुन्या मराठी घरातले. त्यांचे पूर्वज कधी इकडं आले ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड असतं आणि माझी मराठी ऐकून ते पहिल्या दिवशी म्हणाले होते, "अम्मा, तू बोलतेस ती पुस्तकातली की काय? आमच्याकडं एवढं सुकं बोलत नाहीत." मला ते आवडले. अजूनही आवडतात.

प्रकल्प समजायला सोपा होता. बेंगळुरूपासून बसनं चार-साडेचार तासांवर एक कोरडा तालुका आहे. तिथं एका गावाला मोठं माळरान आहे, गावाच्या जनावरांना चरायला राखलेलं. वर्षानुवर्षं चरून चरून तिथं कुसळी गवताशिवाय काही उरलं नव्हतं, आणि तेही संक्रांतीपर्यंत वाळून जायचं. आमचा विचार असा, की माळाचा एक तुकडा तारेनं बंदिस्त करायचा, बोअर मारायची, सौरपंप बसवायचा आणि तिथं पाण्यावर चारा पिकवायचा. एवढ्याशा जागेत भरपूर चारा झाला की बाकीच्या माळाला विसावा मिळेल आणि तिथलं गवत हळूहळू परत येईल. यात चूक काय आहे, असं मला तेव्हा वाटलं. आजही विचारलं तर मी हेच म्हणेन.

जागा मी निवडली. माळाच्या मधोमध एक खोलगट भाग होता, तिथली माती जरा बरी होती आणि ओल धरून ठेवायची. साधारण वीस एकर. गावच्या शाळेच्या ओसरीवर सभा झाली. सगळ्यांनी माना हलवल्या. मग मागून एक बाई उठली. पन्नाशीची असेल. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. तिच्या साठ मेंढ्या होत्या, आणि नवरा गेल्यापासून त्यांना ती एकटीच फिरवत होती. गावात सगळे तिला अक्का म्हणायचे.

"तुम्ही तार मारताय तिथं माझी वाट आहे," ती म्हणाली. बोलणं अर्थातच कन्नडमधलं, मी इथं मराठीत लिहिते आहे. "सगळा माळ वाळला की शेवटचं गवत तिथंच असतं. उन्हाळा मी त्याच्यावर काढते."

मी उत्तर द्यायला उठले. "अक्का, तुम्ही काळजी करू नका—"

"मी एकटीच उभी आहे ना? मग 'तुम्ही' म्हणून एवढ्या जणींना कशाला बोलावतेस?" सगळे हसले. "आणि हे कन्नड कुठलं? धारवाडच्या एस्टीतून आल्यासारखं."

मीही हसले. मग तिला सांगितलं, की संक्रांतीनंतर, माळ वाळला की, तारेच्या आतला हिरवा चारा तुझ्या मेंढ्यांना मिळेल. बाकीच्यांना मिळेल तसा तुलाही. उन्हाळाभर.

"कागदावर लिहून देतेस?"

"पाहिजे तर देते."

"कागद नको. मला वाचता येत नाही. तू म्हणतेस ना, सरी." सरी म्हणजे बरं, ठीक आहे. आणि ती खाली बसली.

मी हत्तीगवत लावलं. दोन डोळ्यांच्या कांड्या सरीत पुरायच्या, ठिबकनं पाणी द्यायचं, अडीच महिन्यांत पुरुषभर उंच होतं. एकदा कापलं की पुन्हा फुटतं. एकरी चारा एवढा निघतो की बघणारा तोंडात बोट घालतो. कॉलेजात आम्ही ते मोजून, वाळवून, पुन्हा मोजून शिकलो होतो. आणि खरं सांगायचं तर ते वाढताना बघून मला जो आनंद व्हायचा तो कॉलेजातला नव्हता. बांधावर बसून, दोन बोटं उंचीचं गवत मुठीत धरून कापणाऱ्या मुलीचा तो आनंद होता. इथं दहा ताटं कापली की भारा! आमच्याकडं हे असतं तर, असं मनात यायचं. महिन्यातून दोनदा मी पहाटेची बस पकडून तिकडं जायचे, दिवसभर उन्हात सरी-सरीतून फिरायचे, आणि परतीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून झोपायचे. थकवा असायचा, पण चांगला.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात फाटक उघडलं. अक्का मेंढ्या घेऊन आली. पुढं घंटा बांधलेला बोकड, मागं मेंढ्या, पोटाशी चार-पाच कोकरं. सर मुद्दाम बेंगळुरूहून आले होते. त्यांनी मोबाइल काढून तयार ठेवला.

बोकड फाटकातून आत शिरला आणि थांबला. त्याच्यापुढं हिरवी भिंत होती. मागच्या मेंढ्या त्याच्यावर आदळल्या. अक्कानं तोंडानं आवाज काढला, काठी आपटली, तेव्हा त्या सरीतून आत घुसल्या आणि दिसेनाशा झाल्या. नुसती घंटा ऐकू येत होती, कधी इकडून, कधी तिकडून. मग कोकरं ओरडायला लागली. त्यांना आया सापडेनात. मेंढ्या उलट्या वळून ओरडायला लागल्या. कुणी खात नव्हतं. दोन-चार मेंढ्यांनी खालची पानं ओढून बघितली आणि सोडून दिली. त्या पानांना धार असते. एक मेंढी बाहेर आली तेव्हा तिच्या नाकपुडीवर बारीक रक्ताची रेघ होती.

अक्का आधी खूप हसली. "अय्यो, मेंढ्यांना अरण्यात सोडलंस की गं! आता वाघ पण आण एखादा." सरही हसले. मग सगळ्या मेंढ्या गोळा करून बाहेर काढायला तिला तासभर लागला, आणि बाहेर आल्यावर ती हसत नव्हती. तिनं मला विचारलं, "हे कुणाला खायला लावलंस?"

मी म्हणाले, "सवय होईल. कापून, कुट्टी करून देऊ."

कुट्टीचं यंत्र आम्ही आणलंच होतं. पंपाच्या पॅनेलवर ते दिवसा चालायचं. पण दिवसा मेंढ्या माळावर असायच्या. मेंढी एका जागी उभी राहून पोट भरत नाही. तोंड घालते, पुढं जाते, पुन्हा तोंड घालते. साठ मेंढ्यांना पुरतील एवढ्या गव्हाणी अक्काकडं नव्हत्या, आणि असत्या तरी तिचा वाडगा, रात्री मेंढ्या कोंडायची जागा, गावाच्या पलीकडच्या टोकाला होता. तरी तिनं करून बघितलं. आठ-दहा दिवस ती कुट्टीची पोती डोक्यावरून नेत होती. त्यातल्या एका दिवशी मी तिथं होते, तेव्हा एक पोतं मी घेतलं. शंभर पावलांवर माझ्या मानेत ती जुनी जागा दुखायला लागली. अगदी तीच जागा. वाडग्यात पोतं ओतलं. मेंढ्यांनी पानांचा चुरा वेचून खाल्ला, काड्यांवर मुतल्या आणि बसून राहिल्या.

"तुझं गवत वाईट नाही," अक्का म्हणाली. ती माझी समजूत काढत होती, याची मला लाज वाटली. "पण हे बसून खाणाऱ्यांचं आहे."

गावात बसून खाणारेही होते. तीन-चार घरांत दावणीला संकरित गाई होत्या. त्या घरांनी हत्तीगवत आनंदानं नेलं. कापायचे, ट्रॉलीत भरायचे, न्यायचे. दूध वाढलं. त्यांनी सरांना फोन करून आभार मानले. त्यामुळं ऑफिसात सगळं बरं चाललं होतं. चारा पिकला, चारा उचलला गेला, त्या गाईंसाठी माळावरचं गवत कापणं थांबलं. मी सरांना मेंढ्यांचं सांगितलं. मेंढ्यांना ते कन्नडमधलं कुरी म्हणतात. ते म्हणाले, "काय करायचं अम्मा, कुरी खात नाहीत तर. गाई खातायत ना? सगळ्यांना सगळं कुठून देणार? स्वल्प काळ जाऊ दे."

तोवर फेब्रुवारी लागला होता. माळ करडा झाला होता. अक्का मेंढ्या घेऊन रोज लांब लांब जात होती आणि संध्याकाळी त्या पोटं खपाटीला गेलेल्या परत यायच्या. तारेच्या आत वीस एकर हिरवं होतं.

त्या रविवारी वडिलांशी बोलताना मी हे सगळं सांगितलं. सहसा सांगत नाही.

"जनावर बांधलेलं का सुटं?" त्यांनी विचारलं.

"सुटं. मेंढ्या."

"मग हत्तीगवात कशाला लावलंस?"

"चारा जास्त निघतो म्हणून."

"आगं पर सुट्या जनावराला कोण वाढतंय? ते आपलं आपण वाढून घेतंय." आणि मग ते नेहमीच्या सुरात म्हणाले, "जेवलीस न्हवं?"

मी फोन ठेवला आणि खोलीतल्या पलंगावर बसून राहिले. चारा म्हटलं की मला काय दिसतं ते तेव्हा पहिल्यांदा कळलं. मला भारा दिसतो. भारा कापणारं कुणीतरी, आणि पुढं दावणीला बांधलेली म्हैस. शाळेत, कॉलेजात, नोकरीत, मी जिथं जिथं जनावर म्हणाले तिथं ते खुंट्याला बांधलेलं होतं. अक्का सभेत उभी राहून "माझी वाट" म्हणाली होती. ती चालण्याबद्दल बोलत होती. मी ऐकलं होतं आणि उत्तर दिलं होतं टोपलीभर चाऱ्याचं.

पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा सरांनी एक काम सांगितलं होतं. मुख्य पाइपाचा एक सांधा तारेजवळ गळत होता, तो दुरुस्त करून घ्यायचा. पाणी वाया जाणं आम्हाला परवडणारं नव्हतं. मी सांध्याजवळ गेले. गळती बारीकच होती, पण बरेच दिवसांची असणार. तिच्याभोवती चांगल्या दोन खोल्यांएवढ्या जागेत हरळी पसरली होती. दाट, बुटकी, हिरवीगार, तारेच्या खालून बाहेरपर्यंत गेलेली.

मी खाली बसले आणि हरळी उपटायला लागले.

हे मी विचार करून केलं नाही. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला ओल्या मातीत हरळी दिसली की हात आपोआप जातो. लहानपणी नांगरटीमागून आम्ही सगळे हरळीच्या काशा, म्हणजे जमिनीतल्या पांढऱ्या गाठाळ मुळ्या, वेचत जायचो. एक तुकडा राहिला तरी पुन्हा फुटते, म्हणून वडील ढेकळं हातानं फोडून बघायचे. वेचलेल्या काशा बांधावर उन्हात वाळवायच्या आणि जाळायच्या. हरळी काढली की काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटतं. मी चांगली हातभर जागा मोकळी केली, मुळासकट.

"अय्यो, अय्यो! काय करतेस? सोड ते!"

अक्का तारेपलीकडून धावत येत होती, घोंगडं खाली पडलं तरी न उचलता. तिच्या मागं मेंढ्या. त्या येऊन तारेला भिडल्या. मान खाली घालून, तारेखालून तोंडं आत घालून त्यांनी हरळी तोडायला सुरुवात केली. करकर, करकर असा आवाज. पाच-पन्नास तोंडांचा एकदम. तारेच्या खालच्या पदराला लोकरीचे पुंजके लोंबत होते. रोजचेच. मी ते आधी पाहिले नव्हते.

"रोज संध्याकाळी परत येताना घटकाभर इथं थांबते," अक्का धापा टाकत म्हणाली. "एवढंच आहे त्यांना. तेही काढलंस?"

माझ्या हातात काशांचा जुडगा होता. पांढऱ्या मुळ्या लोंबत होत्या. मी तो परत जमिनीवर ठेवला आणि वर माती ओढली.

"त्याला लाग म्हण," अक्का म्हणाली. "लागेल. ते काय मरतंय."

मी सांधा दुरुस्त केला नाही. बसमध्ये बसून मी अहवाल लिहायला घेतला, मोबाइलवरच. सांधा गळतो आहे, दुरुस्त केलेला नाही, कारण. आणि मग कारण लिहीत गेले. शेवटी लिहिलं, की चाऱ्याची निवड करताना मी जनावर बांधलेलं आहे असं धरून चालले, ते तसं नव्हतं, ही चूक माझी आहे. तारेलगतचा एक एकर हत्तीगवत काढून तिथं तुषार सिंचनावर हरळी आणि अंजन गवत लावावं, आणि ते भरून आलं की तार मागं घ्यावी. अक्काला मी माळावरून निघायच्या आधीच सांगून आले होते, "महिनाभर थांब. विकू नकोस. मी काहीतरी करते." ती बाजाराचं बोलायला लागली होती. जवळच्या गावात आठवड्याला मेंढ्यांचा बाजार भरतो. "बघू," ती म्हणाली होती.

जयनगरच्या ऑफिसात सरांनी अहवाल दोनदा वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हरळीला पाणी? बोअरचं?"

"हो सर."

"लोक हरळी मारायचं औषध विचारायला येतात आपल्याकडं, अम्मा. आणि आपण ठिबकवाल्यांना सांगायचं, आम्ही हरळी पिकवतो?"

"मेंढ्या तेच खातात, सर. आणि तुडवली तरी मरत नाही. हत्तीगवत तुडवलं की संपलं."

त्यांनी अहवाल पुन्हा जवळ ओढला. खाली रस्त्यावर फूलवाली ओरडत होती. मला उभं राहून राहून पाय दुखल्यासारखे वाटत होते, खरं तर मी बसले होते.

"हे शेवटाकडचं वाक्य काढून टाक. तुझ्या चुकीबद्दलचं."

"का सर?"

"तुझ्या नावावर राहील. पुढं कुठं अर्ज केलास तर?"

"माझीच आहे ना, सर."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं आमच्या बाई बघायच्या, मी गणित चुकून पुन्हा त्याच पद्धतीनं करायला लागले की. "घरून तुला कुणी खोटं बोलायला शिकवलं नाही वाटतं. अवघड आहे तुझं." मग चष्मा घातला. "एक एकर. तार मागं घे. आणि कागदावर हरळी म्हणू नकोस. स्थानिक चराऊ गवत म्हण."

परवानगी, माणसं, तुषार संच, सगळं जमायला तीन आठवडे गेले. हरळीच्या काशा कुठून आणायच्या हा प्रश्न नव्हता. गावातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारलं की तो आधी हसायचा, मग "सगळी घेऊन जा ताई, वर चहा पाजतो" म्हणायचा. पोतीच्या पोती मिळाली. ती घेऊन मी माळावर पोचले, तर अक्काच्या मेंढ्या लांबून येताना दिसल्या आणि मला काहीतरी कमी वाटलं. जवळ आल्या तेव्हा कळलं. निम्म्या होत्या.

पोतं खाली ठेवता ठेवता मी म्हणाले, "अक्का, मी महिनाभर थांब म्हणाले होते."

"मी थांबले असते गं. मेंढीला सांग ना, महिनाभर थांब म्हणून."

तिनं दुभत्या आणि गाभण ठेवल्या होत्या, बाकीच्या गेल्या बाजारात. बोकड ठेवला होता, वाट दाखवायला कुणीतरी पाहिजे म्हणून. माफी मागितली तर तिला माझीच समजूत काढावी लागली असती, म्हणून मागितली नाही. पोत्याचं तोंड उघडलं.

हत्तीगवताची ठोंबं आधीच खणून काढली होती. आम्ही जमीन भिजवली, चिखल केला, आणि काशांचे वीतभर तुकडे करून चिखलात फेकत, पायानं दाबत पुढं सरकत गेलो. अक्का मेंढ्या तारेबाहेर सोडून आली होती, कुणी बोलावलं नसताना. तिनं लुगड्याचा काष्टा मारला आणि माझ्याशेजारी चिखलात उतरली.

"तुझ्या बापाला माहीत आहे का, तू हे करतेस ते?"

"अजून नाही सांगितलं."

"नको सांगू. जेवायचा नाही तो." आणि ती सभेतल्यासारखी हसली, पण थोडंच.

दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी बेंगळुरूला परतले. मेट्रोत उभी असताना नखांत माती दिसत होती, आणि समोरच्या काचेत माझा चेहरा दमलेल्या माणसाचा होता. तो थकवा आधीसारखा चांगला नव्हता. आधी मी गवतामुळं दमायचे. आता त्या तीन आठवड्यांमुळं, आणि गेलेल्या मेंढ्यांमुळं. कुणी मला बोल लावला नव्हता. लावला असता तर बरं झालं असतं असं वाटायचं.

एप्रिलच्या मध्यावर एकर भरून आला. आम्ही टप्प्याटप्प्यानं तार मागं घेत एका वेळी पाव एकरच मोकळा सोडायचं ठरवलं, म्हणजे बाकीचा वाढत राहील. पहिल्या दिवशी सरांनी यायचं म्हटलं होतं, पण आले नाहीत. फोटो काढणारं कुणी नव्हतं. अक्कानं बोकडाला पुढं केलं. या वेळी तो थांबला नाही. त्यानं मान खाली घातली, मेंढ्यांनी घातली, आणि तो करकर आवाज सुरू झाला. त्या खात पुढं सरकत होत्या, चालत चालत, जशा माळावर सरकतात. कोकरं आयांच्या पायांत. सगळ्या दिसत होत्या, एकही हरवली नाही. मोजल्या असत्या तर मोजून झाल्या असत्या, इतक्या थोड्या.

आम्ही दोघी दगडावर बसलो. अक्कानं कमरेची चंची सोडून पान काढलं, मला अर्धं दिलं.

"निम्म्यांना पुरतंय," ती म्हणाली. "साठ असत्या तर पुरलं नसतं, बघ." हे ती माझ्यासाठी म्हणाली की खरंच, ते मला ठरवता आलं नाही. एक एकर साठ मेंढ्यांना पुरत नाही, हे खरंच आहे. पण तारेच्या आत अजून एकोणीस एकर होते.

मग तिनं विचारलं, "पुढच्या वर्षी तुम्ही असणार का?"

प्रकल्प जूनमध्ये संपतो आहे. पंप गावाच्या ताब्यात जाईल. बोअरला पाणी किती दिवस राहील ते कुणाला सांगता येत नाही, आणि राहिलंच तर ते हत्तीगवताकडं जाईल की या एकराकडं, ते गाईवाली घरं ठरवतील. मी तिला यातलं सगळं सांगितलं. शब्द दिला नाही. तिनंही मागितला नाही. "सरी," म्हणाली आणि पानाची पिंक टाकली.

परवा वडिलांचा फोन आला. तब्येत झाली, जेवण झालं. "अजून गवातच न्हवं?"

"आप्पा, या खेपेला हरळी लावली."

पलीकडं त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"लावलीस? हातानं?"

"हो. पाणी देऊन. एक एकर."

"आगं माझे आई," ते म्हणाले, आणि त्यांचं हसणं फुटलं, मग खोकला आला. खोकला थांबल्यावर त्यांनी विचारलं, "लागली का पर?"

"लागली. मेंढ्या खातायत."

"आणि पानी बंद झालं मंजे?"

"माहीत नाही. वाळेल."

"वाळंल की. वरनं वाळंल." शेतात उभं राहून बोलतात तसा त्यांचा आवाज झाला होता. "खाली ऱ्हाती ती. एकदा लागली की मग कुनाच्या बाला जात न्हाई. चाळीस वर्सं झाली मी काढतोय. पाऊस पडू दे, बघ तू."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलं आहे. दर वर्षी नांगरट झाली की ते कपाळावर हात मारून हेच म्हणायचे. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. खिडकीतून के. आर. पुरमची गर्दी वाजत होती. त्यांना म्हटलं, "आप्पा, ते पुन्हा एकदा म्हणा."

"काय?"

"जात नाही म्हणालात ते."